वायफाय बंद करायचंय? वायर काढण्याआधी अर्ज द्या : नोटीस, डिपॉझिट आणि कंपनी बदलण्याची पूर्ण माहिती

सडक अर्जुनी : मुलगा शिकायला नागपूरला गेला, घरात वायफाय वापरणारं कोणी उरलं नाही. किंवा गावात दुसऱ्या कंपनीची लाईन आली, स्पीड चांगला आणि भाडं कमी. मग लाईनमनला फोन करून सांगितलं जातं, 'भाऊ, आमची लाईन बंद करून टाका.' तो 'हो' म्हणतो. राऊटरचा प्लग काढून तो कपाटात ठेवला जातो. आणि तीन-चार महिन्यांनी मोबाईलवर मेसेज येतो : थकबाकी भरा.

लाईन वापरली नाही तर बिल कशाचं, असा प्रश्न घरोघरी पडतो. याचं उत्तर असं की पोस्टपेड जोडणी प्लग काढल्याने बंद होत नाही आणि लाईनमनला तोंडी सांगितल्यानेही होत नाही. कंपनीकडे अर्ज पोहोचून त्याचा नंबर मिळतो, त्या दिवसापासून ती बंद होण्याच्या मार्गाला लागते. महामार्गालगतच्या सडक अर्जुनी, कोहमारा, सौंदडपासून आतल्या डव्वा, शेंडा, पांढरीपर्यंत ज्यांच्या घरी, दुकानात वा सेवा केंद्रात ब्रॉडबँड आहे, त्यांनी जोडणी सोडण्याआधी पुढची माहिती वाचून घ्यावी.

नोटीस कालावधी म्हणजे काय?

'मला सेवा नको' असं कंपनीला कळवल्यापासून सेवा आणि बिल खरोखर थांबेपर्यंतचे दिवस, म्हणजे नोटीस कालावधी. भाड्याची खोली सोडताना महिनाभर आधी सांगतात, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे घरगुती ब्रॉडबँडसाठी सगळ्या कंपन्यांना लागू होईल असा एकच ठरलेला नोटीस कालावधी नाही. तो कंपनीच्या अटींत लिहिलेला असतो. जोडणी घेताना ज्या फॉर्मवर सही केली किंवा मोबाईलवर ओटीपी देऊन ज्याला होकार दिला, त्यालाच कंपनी करार मानते. म्हणून पहिलं काम, तो फॉर्म किंवा ॲपमधल्या 'अटी व शर्ती' काढून तीन गोष्टी बघणे :

१. बंद करण्यासाठी किती दिवस आधी कळवायचं?
२. ठरावीक महिने जोडणी ठेवलीच पाहिजे, अशी लॉक-इनची अट आहे का?
३. राऊटर, ओएनटी कोणाची? आपली की कंपनीची?

फॉर्म हरवला असेल तर ग्राहक सेवा केंद्राला फोन करून विचारता येतं. पण उत्तर मेसेजने किंवा ईमेलने मागावं. फोनवर मिळालेली माहिती पुढे दाखवता येत नाही.

आपली जोडणी प्रीपेड की पोस्टपेड?

सगळा हिशेब इथून सुरू होतो.

प्रीपेड : आधी पैसे, मग नेट. रिचार्ज संपला की सेवा थांबते. इथे साधारणपणे नोटीसचा प्रश्न येत नाही, पुढचा रिचार्ज केला नाही की झालं. पण दोन गोष्टी राहतात. कंपनीचं यंत्र परत द्यायचं असतं आणि डिपॉझिट परत घ्यायचं असतं. शिवाय बँक खात्यातून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे ऑटो-पे, दिली असेल तर ती आधी रद्द करावी. नाहीतर मुदत संपण्याच्या सुमारास पुढचा रिचार्ज आपोआप होऊन जातो.

पोस्टपेड : आधी नेट, मग बिल. बीएसएनएलच्या अनेक जुन्या जोडण्या अशा आहेत. इथे अर्ज दिल्याशिवाय बिल थांबत नाही. समजा महिन्याचं भाडं ४९९ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर बिल ५८८ रुपये ८२ पैसे होतं. लाईन न वापरता तीन महिने गेले तर १,७६६ रुपये ४६ पैसे अंगावर येतात, आणि उशिराचा दंड वेगळा. रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला ही रक्कम थोडी नाही.

तारखेचा हिशेब कसा करायचा?

समजा अटीत ३० दिवसांची नोटीस आहे आणि अर्ज १२ जूनला दिला. मग बिल १२ जुलैपर्यंत लागू शकतं. अर्ज ३० जूनला दिला तर ते ३० जुलैपर्यंत जातं. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके दिवस फुकटचे पैसे.

काही कंपन्या दिवस मोजत नाहीत, बिलाचं चक्र मोजतात. बिल १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असेल आणि अर्ज २ तारखेला पडला, तर तो पूर्ण महिना बिलात धरला जाऊ शकतो. म्हणून बिलावरची तारीख बघून, चक्र संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज द्यावा. ज्या अटीत नोटीसच नाही, तिथेही अर्ज दिल्यावर सेवा बंद करायला कंपनीला आठवडाभराचा वेळ लागू शकतो, तो हिशेबात धरावा.

सहा महिन्यांवर एक किंवा बारा महिन्यांवर एक महिना फुकट, अशा योजनेत पैसे एकदम भरलेले असतील तर मधेच सोडताना उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतीलच असं नाही. बहुतेक योजनांत ते मिळत नाहीत. 'राऊटर फुकट, जोडणी फुकट' अशी ऑफर घेतली असेल तर लवकर सोडल्यावर त्याची किंमत मागण्याची अटही असू शकते. अशा वेळी मुदत किती उरली ते बघून ठरवावं. दीड-दोन महिने उरले असतील तर मुदत पूर्ण करून सोडणंच परवडतं.

लाईनमन म्हणजे कंपनी नाही

आपल्या भागात ही गोष्ट समजून घेणं फार गरजेचं आहे. गावात वायर ओढणारा, बिघाड काढणारा आणि कधीकधी पैसे गोळा करणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो. बीएसएनएलसारख्या कंपन्या ग्रामीण भागात स्थानिक भागीदारांमार्फत फायबर जोडण्या देतात आणि भाड्यातला वाटा त्यांना मिळतो. ग्रामपंचायतींपर्यंत आलेल्या भारतनेटच्या फायबरवरून घरांत जोडण्या देण्याचं कामही स्थानिक उद्योजकांमार्फत करण्याची पद्धत आहे. भारतनेट म्हणजे २०११ साली मंजूर झालेली, ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची केंद्राची योजना.

त्यामुळे लाईनमनने 'झालं, बंद केलं' म्हणून वायर काढली तरी कंपनीच्या संगणकात आपलं खातं चालूच असू शकतं. बिल तो संगणक काढतो, लाईनमन नाही. त्याला जरूर सांगावं, संबंधही चांगले ठेवावेत, पण अर्ज कंपनीकडेच द्यावा. आणि भागीदाराच्या हाती रोख पैसे दिले असतील तर त्याची पावती किंवा कंपनीकडून आलेला मेसेज हवा.

जोडणी बंद करण्याची पद्धत, पायरीपायरीने

१. थकबाकी तपासा. ॲपवर किंवा ग्राहक सेवा केंद्रातून आजपर्यंतचं बिल काढा आणि भरा. थकबाकी असली की अर्ज अडकतो.

२. लेखी अर्ज द्या. ज्यांचं नाव खात्यावर आहे त्यांचीच सही लागते. वडिलांच्या नावावर जोडणी असेल तर अर्जही वडिलांचाच. खातेदार हयात नसतील तर मृत्यू प्रमाणपत्राची प्रत आणि वारसाचं ओळखपत्र जोडावं.

३. पोच घ्या. कार्यालयात दिला तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख. ॲपवर किंवा फोनवर दिला तर विनंती क्रमांक. ईमेलने दिला तर पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट. कार्यालय लांब असेल तर स्पीड पोस्टने पाठवून त्याची पावती जपावी.

४. यंत्र परत करा. राऊटर, ओएनटी, सेट-टॉप बॉक्स, ॲडॉप्टर, जे कंपनीचं असेल ते सगळं. देण्याआधी यंत्राचा आणि त्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. यंत्र नेणाऱ्याकडून पावती घ्या. पावती नसेल तर 'यंत्र मिळालं नाही' म्हणून डिपॉझिट अडतं, वरून यंत्राची किंमतही मागितली जाते.

५. शेवटचं बिल आणि 'काही बाकी नाही' असं पत्र मागा. या कागदाला नो ड्यूज म्हणतात. मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

६. ऑटो-पे रद्द करा. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः बघा.

अर्जाचा नमुना

प्रति, ग्राहक सेवा अधिकारी, (कंपनीचं नाव व कार्यालय)
विषय : ब्रॉडबँड जोडणी कायमची बंद करून डिपॉझिट परत मिळण्याबाबत.
महोदय, माझ्या नावे (गाव, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया) येथे आपली ब्रॉडबँड जोडणी आहे. ग्राहक क्रमांक ..... असा आहे. दिनांक ..... पासून मला ही सेवा नको आहे. हा अर्ज नोटीस समजावा व अटींप्रमाणे सेवा बंद करावी. आजपर्यंतचं बिल भरलेलं आहे, पावती सोबत जोडली आहे. आपलं यंत्र (सिरियल नंबर .....) परत करण्यास मी तयार आहे, ते कुठे जमा करावं हे कळवावं. अंतिम बिल, थकबाकी नसल्याचं पत्र आणि जमा डिपॉझिट रुपये ..... माझ्या बँक खात्यात द्यावं.
दिनांक, सही, नाव, मोबाईल नंबर.

या अर्जाला स्टॅम्प पेपर लागत नाही, वकीलही लागत नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेला चालतो.

डिपॉझिट कधी परत मिळतं?

दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय. ट्रायने सेवेच्या दर्जाबाबत २०२४ मध्ये नवे नियम केले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार सेवा बंद झाल्यावर डिपॉझिट ४५ दिवसांत परत द्यायचं आहे. आधीच्या नियमांत ही मुदत ६० दिवसांची होती. डिपॉझिटमधून बाकी बिल कापून घेता येतं, पण कशाचे किती कापले याचा हिशेब आपण मागू शकतो.

डिपॉझिट आणि जोडणीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्टॉलेशन म्हणून घेतलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून जोडणी घेतानाच पावतीवर काय लिहिलंय ते वाचावं. 'डिपॉझिट, परत मिळेल' असं लिहिलेलं असेल तेवढंच मागता येतं.

कंपनी बदलताना : ब्रॉडबँडला पोर्टिंग नाही

मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, म्हणून ब्रॉडबँडचंही तसंच होत असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नव्या कंपनीची लाईन घेतली म्हणून जुनी आपोआप बंद होत नाही. जुनी आपणच बंद करायची. हे विसरलं की एकाच घरात दोन बिलं चालू राहतात.

इंग्लंडमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून 'वन टच स्विच' नावाची पद्धत आहे. तिथे नव्या कंपनीला सांगितलं की जुनी जोडणी बंद करण्याचं कामही नवी कंपनीच बघते. आपल्याकडे अशी सोय अजून नाही, त्यामुळे ओळ अशी ठेवावी : आधी नवी लाईन लावून घ्यायची, आठ-दहा दिवस चालवून बघायची, पावसात आणि लाईट गेल्यावर कशी चालते ते तपासायचं, मगच जुनीचा अर्ज द्यायचा. थोडे दिवस दोन्हींचं भाडं पडेल, पण ऑनलाईन फॉर्म, परीक्षा किंवा दुकानाचं काम अडणार नाही.

आणखी एक गोष्ट. ब्रॉडबँडसोबत लँडलाईन नंबर मिळालेला असेल तर जोडणी बंद झाल्यावर तो नंबरही जातो. बँक, गॅस एजन्सी, शाळा अशा ठिकाणी तो दिला असेल तर आधी बदलून घ्यावा.

मोबाईलचं पोर्टिंग थोडक्यात

मोबाईलसाठी नियम स्पष्ट आहेत. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली.

* इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्या भागात तो ४ दिवस चालतो.
* सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावेत.
* सिम हरवल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे नवीन घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम १ जुलै २०२४ पासून आला.
* पोस्टपेडची थकबाकी आधी भरावी लागते.
* महाराष्ट्र सर्कलमध्येच बदल असेल तर ३ कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये ५ कामाचे दिवस. छत्तीसगडमध्ये घेतलेला नंबर इथे पोर्ट केला तर तो दुसऱ्या सर्कलचा धरला जातो.

मोबाईलसाठी वेगळा नोटीस अर्ज लागत नाही. पण उरलेला बॅलन्स किंवा पॅक नव्या कंपनीत जात नाही, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट करणं बरं.

कायमची बंद करायची की थोडे दिवस?

कुटुंब चार महिने कामाला बाहेरगावी जातंय आणि परत येणार आहे, अशा वेळी पूर्ण बंद करणं गरजेचं नसतं. काही कंपन्या जोडणी तात्पुरती थांबवून ठेवतात. त्याला सेफ कस्टडी म्हणतात. भाडं कमी लागतं किंवा लागत नाही, यंत्र घरीच राहतं. आपल्या कंपनीत ही सोय आहे का, किती दिवस मिळते आणि किती पैसे पडतात हे विचारून घ्यावं. याचाही अर्ज लेखीच द्यावा.

सेवा नीट नाही म्हणून सोडायची असेल तर

वादळात झाड पडलं, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं आणि आठवडाभर नेट नाही, असं असेल तर आधी तक्रार नोंदवावी. तक्रारीचा क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, देणं कंपनीला बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांनुसार ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ग्राहकाला भरपाई द्यायची आहे. पण तक्रार नोंदलेलीच नसेल तर बिघाड किती दिवस होता हे दाखवता येत नाही. सोडताना 'वारंवार बिघाड, तक्रार क्रमांक अमुक' असं अर्जात लिहिलं तर लॉक-इनच्या दंडावर बोलायला आपल्या हाती काहीतरी राहतं.

कंपनी ऐकत नसेल तर कुठे जायचं?

पहिली पायरी, कंपनीचं तक्रार केंद्र. डॉकेट नंबर घ्या.

दुसरी पायरी, कंपनीचंच अपील प्राधिकरण. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. छोट्या इंटरनेट कंपनीकडे अशी व्यवस्था नसेल तर पुढच्या पायरीवर जावं.

तिसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते. अनेक छोट्या रकमांचे वाद इथेच मिटतात.

चौथी पायरी, गोंदियाचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. टेलिकॉम कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. झेरॉक्सचं दुकान किंवा सेवा केंद्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाराही या कायद्यात ग्राहक ठरतो.

ट्रायकडे एकेका ग्राहकाची तक्रार सोडवली जात नाही. ट्राय नियम करतं. त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसू नये.

लोकअदालतीची नोटीस आली तर?

जुन्या टेलिफोन, ब्रॉडबँडच्या थकबाकीची प्रकरणं दाखलपूर्व म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात. तशी नोटीस घरी आली की लोक घाबरतात. ही अटकेची नोटीस नसते. हा तडजोडीसाठीचा बोलावा असतो. आपल्याकडे अर्जाची पोच असेल तर ती घेऊन जावं आणि बंद केल्यानंतरचं बिल मान्य नाही असं सांगावं. पोच नसेल तर रक्कम कमी करून मिटवता येते का ते बोलावं. पटलं नाही तर सही करायची सक्ती नाही. मात्र नोटीस फाडून टाकू नये. पोस्टपेडची थकबाकी क्रेडिट अहवालात दिसू शकते आणि ट्रॅक्टर किंवा गाडीचं कर्ज काढताना आडवी येऊ शकते.

नवीन जोडणी घेतानाच विचारा

* नोटीस किती दिवसांची? लॉक-इन किती महिन्यांचं?
* यंत्र कोणाचं, आणि डिपॉझिट किती? पावती मिळेल का?
* प्रीपेड की पोस्टपेड?
* बंद करायचा अर्ज कुठे द्यायचा? तालुक्यात कार्यालय आहे की गोंदियाला जावं लागेल?

घेताना हे चार प्रश्न विचारले की सोडताना चकरा वाचतात. आणि सोडताना अर्जाची पोच, यंत्राची पावती, शेवटचं बिल हे तीन कागद मोबाईलमध्ये फोटो काढून आणि घरात फाईलमध्येही निदान दोन वर्षं जपून ठेवावेत.